चौकला टाळ्या किती?

ज्या हुकमाने माझ्या विद्यार्जनाचा श्रीगणेशा झाला तो हुकूम 'हाताची घडी, तोंडावर बोट' असा होता. आणि पुढे महसूल खात्यात 34 वर्षे चाकरी करून, शेकडो परिपत्रके वाचून, त्यांतील निम्म्यांचा अर्थ लावून आणि उरलेल्या निम्म्यांना अर्थ न लावताच उत्तरे धाडून मी सेवानिवृत्त झालो, तरी त्या पहिल्या हुकमाइतका पेचाचा मजकूर माझ्या दप्तरी पुन्हा कधी दाखल झाला नाही. दोन्ही हातांची घडी घातली म्हणजे तोंडावर ठेवायला बोट शिल्लक उरत नाही, आणि बोट तोंडाकडे नेले की घडी मोडते. हुकमाची अंमलबजावणी करणाऱ्या मास्तरांना ही विसंगती कधी जाणवली नाही. आम्हांला जाणवली, परंतु ती निदर्शनास आणून देण्याची सोय नव्हती, कारण तोंडावर बोट होते. तात्पर्य, शिक्षण म्हणजे मुलाचे हात, पाय व जिव्हा या जंगम मालमत्तेवर सरकारने आणलेली जप्ती होय, आणि ही जप्ती शाळा सुटल्याच्या घंटेखेरीज उठत नाही, अशी माझी धारणा साठी उलटेपर्यंत अबाधित राहिली. तिच्याविरुद्ध पहिले अपील दाखल केले ते आमच्या साडेतीन वर्षांच्या नातवाने.

आमचे लोधिवली गाव खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या काठी वसलेले आहे. एका अंगाला पाताळगंगेकाठचे कारखाने, दुसऱ्या अंगाला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर आणि चौक गावाच्या डोक्यावर, सुईला असावे तसे नेढे मिरवणारा इर्शाळगड, अशा चतुःसीमेत आम्ही राहतो. मुलगा व सून दोघेही कारखान्यांत पाळीवर जातात. तेव्हा नातवाला अंगणवाडीत पोहोचविणे, आणि तो रडेनासा झाल्याची खातरजमा करून परत येणे, हे कामकाज घरच्या ठरावान्वये माझ्याकडे वर्ग झाले. यातील पहिला भाग सोपा होता. दुसऱ्या भागाची मुदत मात्र वाढत गेली. कारण नातवाने माझ्या कुडत्याचे टोक मुठीत असे धरले होते, की त्या मुठीतून ते सोडविण्यापेक्षा एखाद्या सामाईक जमिनीचे वाटप करून देणे मला सुलभ वाटले असते. "बसा ना आजोबा इथेच घटकाभर," असे ताई म्हणाल्या, आणि मी ओट्याच्या कडेला बसलो. ती घटका दीड महिना चालली.

पहिल्या दिवशी मी जे पाहिले त्याचा मनातल्या मनात पंचनामा केला. जागेवर हजर बालके 22. जप्त करण्याजोगा ऐवज: डफली एक, शेंगदाण्याएवढे खडे भरून झाकणे घट्ट लावलेल्या बाटल्या सहा, गुलमोहराच्या वाळलेल्या लांब शेंगा, ज्या हलविल्या असता आतील बिया खुळखुळतात, पुष्कळ, करवंट्यांच्या जोड्या, बांबूच्या टिपऱ्या, आणि कोणाच्या तरी बैलाच्या गळ्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले घुंगरू. या साहित्यानिशी 22 बालके एकाच वेळी आवाज करीत असून त्यांना कोणीही मज्जाव करीत नव्हते. उलट ज्यांच्याकडे मज्जाव करण्याचे अधिकार होते त्या ताईच डफली वाजवीत होत्या. "अभ्यास केव्हा सुरू होतो?" असे मी मदतनीस बाईंना हलक्या आवाजात विचारले. भिजवलेली मटकी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "हा काय, चाललाय की!"

जो चालला होता तो खेळ असा, की डफली वाजते तोवर खोलीभर हवे तसे चालावे, आणि डफली थांबली की ज्याने जेथे असेल तेथे पुतळा व्हावे. एक पाय उचललेला असेल तर उचललेलाच ठेवावा, नाक खाजवीत असाल तर बोट नाकावरच राहू द्यावे. पुढे एक दिवस ताईंनी मलाही उभे केले. नोकरीत माझ्या मेजावर येऊन प्रकरणे थांबत, ही माझी ख्याती होती. त्यामुळे थांबण्याच्या कलेत साडेतीन वर्षांची पोरे माझ्यापुढे टिकणार नाहीत याविषयी मी निःशंक होतो. डफली थांबली; 22 पुतळे झाले; आणि मी आणखी तीन पावले चालून खिडकीपाशी पोहोचलो. दुसऱ्या खेपेस दोन पावले. आमची पाताळगंगासुद्धा खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून 1915 सालापासून जे पाणी सुटते त्याच्या तालावर चढते-उतरते; नदीला जे साधते ते मला साधेना. "आजोबा बाद!" असा निकाल एकमताने जाहीर झाला, आणि त्यावर अपील नव्हते.

घरी येऊन विचार करता माझ्या ध्यानी आले, की आमच्या मास्तरांनी छडीच्या बळावर जे साधू पाहिले, म्हणजे मुलाने स्वतःला आवरणे, तेच येथे डफलीच्या बळावर साधले जात होते. मात्र क्रम उलटा होता. आमच्याकडे आधी थांबविले जाई आणि चालण्याची परवानगी कधी मिळेल याचा भरवसा नसे. येथे आधी भरपूर चालू दिले जाते, आणि मग थांबणे हा खेळातला सर्वांत गमतीचा क्षण ठरतो. ज्याला आपले पाऊल हवेत रोखता येते, त्याला पुढे दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत आपले बोलणेही रोखता येईल, अशी आशा बाळगायला हरकत नाही. ग्रामसभेच्या प्रारंभी हा खेळ सक्तीचा करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

आणि ठेक्याचे हे ज्ञान मुलाला अंगणवाडीत मिळते असेही नव्हे. ते तो जन्मतःच गाठीशी बांधून आणतो. 2009 साली बुडापेस्टच्या इश्तवान विंक्लर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अर्भकांना, तीही झोपेत असताना, ढोलाचा ठेका ऐकविला आणि मधूनच त्यातील सम गाळली. त्या क्षणी अर्भकांच्या मेंदूने, काहीतरी चुकले आहे, अशी नोंद घेतल्याचे त्यांच्या यंत्रांत उमटले. ज्याला अद्याप आईचा चेहराही नीट दिसत नाही त्याला सम चुकलेली कळते. आणि आमच्या सप्ताहात पखवाजावर बसणाऱ्या एका सद्गृहस्थांना ती अजून कळलेली नाही. माणूस वयोमानाने शहाणा होतो हा समज फेरविचारार्थ ठेवावा, असे मला वाटते.

पावसाळ्याच्या तोंडावर दाखल झालेल्या मुलांना पावसाचे गाणे आधी शिकवावे हे क्रमप्राप्तच होते. पावसाला पैशाचे आमिष दाखवायचे, आणि काम झाल्यावर ते नाणे खोटे निघाल्याची सहर्ष कबुली द्यायची, अशा आशयाचे जे गाणे महाराष्ट्रातील बहुतेक बालके जीभ वळू लागताच म्हणतात, त्याबद्दल एक माजी सरकारी नोकर म्हणून मला काही शंका आहेत. लाच देऊ करणे हा एक गुन्हा आणि बनावट चलन खपविणे हा दुसरा, असे दोन दाखले चिमुकल्या वयात मुलांपुढे ठेवावेत काय? परंतु ताईंनी या गाण्याचे जे केले ते पाहून मी हरकत मागे घेतली. प्रथम एका बोटाने तळहातावर टिचकी, म्हणजे पहिला थेंब. मग दोन बोटे, मग चार. मग मांडीवर दोन्ही तळवे. आणि शेवटी 44 पायांचा फरशीवर असा भडिमार, की माथेरानच्या कड्यावरून आषाढ थेट खोलीत उतरावा. मग उलट्या क्रमाने पाऊस ओसरत ओसरत पुन्हा एका बोटावर आला आणि खोलीत असे निःशब्द झाले, की बाहेर पागोळ्यांचे टपटपणे ऐकू आले. रिमझिम, भुरभुर, सर, मुसळधार, संततधार हे शब्द मी चौथीत समानार्थी म्हणून पाठ केले होते. ते समानार्थी नाहीत हे मला त्या दिवशी हातापायांनी समजले.

हा सारा प्रकार ताईंच्या मनचा आहे की त्यास काही वरिष्ठांची मंजुरी आहे, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडणे अपरिहार्य होते. शोध घेता असे आढळले, की मंजुरी आहे, इतकेच नव्हे तर तिच्यामागे मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक (1892–1973) यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाचे धडे घेतले, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, 1936 साली दादरला शिशुविहार काढला. आणि शहरात सारे सुरळीत चालले असता 1945 साली त्या बोर्डीस गेल्या, जेथे अनुताई वाघ (1910–1992) त्यांना येऊन मिळाल्या. तेथे अडचण अशी, की मुले शाळेत येत ना. आमच्या खात्याने अशा वेळी गैरहजेरीबद्दल नोटिसा काढल्या असत्या. ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि तिला नाव पडले अंगणवाडी. पाड्यांवरची मुले गुरांमागे रानात गेली तेव्हा शाळाही पाठोपाठ गेली, तिचे नाव कुरणशाळा. माँटेसोरीबाईंची महागडी साधने खेड्यात कोठून आणावीत, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे यांनाच साधनांचा दर्जा दिला. आणि गाणी व नाच तर त्या पाड्यांवर आधीपासूनच नांदत होते. सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. ते पाहायला ताराबाई राहिल्या नव्हत्या. बाटलीत खडे भरून खुळखुळा करणाऱ्या आमच्या ताई तेव्हा बेशिस्त नव्हत्या; फार जुन्या शिस्तीतल्या होत्या.

परदेशातही एका गृहस्थांना हाच साक्षात्कार जरा अवघड वाटेने झाला. एमिल जाक-डालक्रोझ (1865–1950) हे जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवीत. त्यांना असे दिसून आले, की जे विद्यार्थी कागदावरचा ताल वाजविताना हटकून चुकतात, तेच रस्त्याने चालताना मात्र बिनचूक लयीत पावले टाकतात. ताल पायांत आहे, वहीत तो उतरत नाही, एवढाच खोळंबा. म्हणून त्यांनी शिष्यांना खुर्चीवरून उठवून चालायला लावले आणि त्याची एक स्वतंत्र शिक्षणपद्धती झाली.

हे वाचले तेव्हा मला माझी स्वतःची कैफियत आठवली. संगीताचा आणि अभ्यासाचा संबंध नाही असे ठासून सांगणाऱ्या माझ्या पिढीचे सारे गणित चालीवर बसविलेले आहे. दिवेलागणीला मांडी घालून, मागेपुढे डुलत, पावकी-निमकीसह परवचा म्हणताना आम्ही गात होतो हे आम्हांला कोणी सांगितले नाही, एवढेच. आजही मला कोणी एकोणिसाच्या पाढ्यातले सातवे घर अवचित विचारले तर ते येत नाही. पहिल्या घरापासून सूर लावून डुलत निघालो म्हणजे वाटेत ते आपण होऊन भेटते. भर कचेरीत शेतसाऱ्याची बेरीज करताना माझी मान हलते म्हणून एका साहेबांनी मला वैद्यकीय रजेचा सल्ला दिला होता. आणि पावलीचे काय? सप्ताहात टाळ गळ्यात अडकवून, कमरेत वाकून, दोन पुढे एक मागे अशी पावले टाकणारे आम्ही वयोवृद्ध, रिंगण रंगले म्हणजे व्याह्यांशी फुगडीही घालतो. तेथे देव साक्षीला असतो म्हणून लाज वाटत नाही. अंगणवाडीत साक्षीला केवळ बालके, म्हणून संकोच. वस्तुतः पावली शिकायला आम्हांला कोणीही फळ्यावर आकृती काढून दिली नव्हती. पुढच्याच्या टाचांकडे पाहत आम्ही ती शिकलो.

पुढच्याच्या टाचांकडे पाहत शिकण्याचे याहून जवळचे दर्शन मला घडले ते आगगाडीच्या खेळात. आमच्या टापूतील मुलांना आगगाडीचे अप्रूप सांगायला नको. तालुक्याच्या शेजारी नेरळ, जेथून 1907 सालापासून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे 21 किलोमीटरची वळणे घेत माथेरानची चिमुकली गाडी निवांत चढते. आणि इकडे कर्जत, जेथे बोरघाटाच्या, 37 फुटांमागे एक फूट अशा चढणीसाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. अंगणवाडीची गाडी या दोन्ही परंपरा सांभाळणारी होती. पुढे इंजिन म्हणून आमचा नातू (इंजिन झाल्यापासून त्याने कुडत्याचे टोक सोडून दुसऱ्याला आपल्या सदऱ्याचे टोक दिले होते), मागे एकमेकांचे कपडे धरलेले डबे, आणि सर्वांत शेवटी, कर्जतच्या शिरस्त्याप्रमाणे, मागून रेटा देणाऱ्या ताई.

या गाडीचा शेवटचा डबा म्हणजे ठाकरवाडीवरून येणारी एक मुलगी होती. घरची बोली निराळी, इथली निराळी. महिनाभर तिने ओठ उघडले नव्हते. हजेरीला मान हलवी, एवढेच. तिला कोणीही 'बोल, बोल' केले नाही. परंतु डफली सुरू झाली की तिचे पाय सर्वांच्या आधी बोलू लागत, आणि ते अचूक बोलत. ज्या पोरीच्या वाडीवर ढोलाला अख्खे गाव नाचते तिला ताल शिकविण्याची प्राज्ञा कोणाची होती? गाडी चालायची, ताई फलाटाचे नाव पुकारायच्या, पनवेल, चिखले, मोहपे, आणि गाडी थांबायची. एक दिवस मोहपे गेले, ताई थबकल्या, आणि शेवटच्या डब्यातून, करवंटीवर करवंटी आपटावी तसा लख्ख आवाज आला: "चौक!" तिच्या घराखालचे स्टेशन ते. ताईंनी कौतुकाचा गाजावाजा केला नाही. "चौक आलं, उतरा," एवढेच म्हणाल्या; आणि सारी गाडी निमूट उतरली. त्या दिवसानंतर त्या मुलीचे बोलणे थांबविण्यासाठीच डफलीचा उपयोग अधिक होऊ लागला.

लाइपझिग येथे सेबास्टियन किर्शनर व मायकेल टोमासेलो यांनी 2010 साली चार वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात जी मुले जोडीने गात-वाजवीत खेळली ती नंतर, तशाच पण गाण्यावाचूनच्या खेळातल्या मुलांपेक्षा, एकमेकांच्या मदतीला अधिक धावली असे दिसले. मला त्यासाठी लाइपझिगला जावे लागले नाही. 'चौक'च्या दुसऱ्या दिवशी ठाकरवाडीच्या त्या मुलीची चप्पल चिखलात रुतली, तेव्हा पुढचे चार डबे आपण होऊन मागे वळले.

मात्र त्याच 'चौक'वरून माझा आणि ताईंचा मतभेद झाला, तो येथे नमूद केला पाहिजे. गावांच्या नावांना टाळ्या वाजविण्याचा खेळ निघाला. जेवढे उच्चाराचे तुकडे तेवढ्या टाळ्या. 'खो-पो-ली', तीन टाळ्या, सर्वानुमते. 'खालापूर' आले आणि मी चार टाळ्या वाजविल्या. मुलांच्या तीनच झाल्या, चौथी माझी एकट्याची खोलीत वाजली. 'कर्जत'ला मी तीन वाजविल्या, मुलांनी दोन. मग 'चौक': मुलांची एक, माझ्या दोन. तेव्हा मी उठून निवेदन केले, की चौ हे एक अक्षर आणि क हे दुसरे, हे कोणत्याही सातबाऱ्यावर पाहून घ्यावे. नातू माझ्याकडे पाहून म्हणाला, "आजोबा, ऐका ना! चौक्!" आणि त्याने एकच टाळी अशी वाजविली, की तीत क कोठेही वेगळा उरला नाही.

ऐकले, आणि काय सांगावे, त्याचे खरे होते! मी चौक ऐकतच नव्हतो, वाचत होतो. 60 वर्षे कागद वाचून माझे कान दप्तरी दाखल झाले होते. या मुलांना अद्याप अक्षरओळख नसल्याने त्यांना बोलणे जसे आहे तसे ऐकू येत होते, आणि शब्दातले तुकडे असे कानाने सुटे करता येणे हीच पुढे वाचायला शिकण्याची पूर्वतयारी, असे ताईंनी मला समजावून दिले. तरीही हार मानणे माझ्या स्वभावात नसल्याने मी अभंगाचा हवाला दिला: मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे मोजतात, आणि तेथे शेवटच्या अकारान्त अक्षराचीही मोजदाद होते, तुकोबांच्या हिशेबात चौकची अक्षरे दोनच भरतील. ताईंनी क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, "मग असं करू या आजोबा, बोलताना एक टाळी, गाताना दोन." इतका उभयपक्षी मान्य होणारा निवाडा मी कोणत्याही कचेरीत ऐकलेला नाही.

गेल्या आठवड्यात नातवाने मला दारातूनच "तुम्ही जा" असे सांगितले. माझे कामकाज नियमानुसार संपुष्टात आले होते. परंतु पावसाची सर आली, आणि छत्री हातात असूनही ती ओसरण्याची वाट पाहत मी ओट्यावर टेकलो. आत ती ठाकरवाडीची मुलगी एकेका मुलापुढे एकेक ताटली ठेवीत चालली होती. रांग संपली, एक ताटली उरली. तिने इकडे तिकडे पाहिले आणि ती माझ्यापुढे आणून ठेवली. मी तिला अपात्रतेची कारणे क्रमवार सांगू लागलो: या योजनेत आहार घेणारी बालके सहा महिने ते सहा वर्षे या वयोगटातली, माझे वय 67, माझे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही, सबब हा आहार मला स्वीकारता येणार नाही. ती ऐकत उभी राहिली. शेवटी ताईच आतून म्हणाल्या, "रिकामी आहे हो ती, आजोबा. वाजवायला दिलीय."

मग डफली सुरू झाली, आणि 23 ताटल्या वाजू लागल्या. प्रथम रिमझिम, मग सर, मग मुसळधार. बाहेरचा पाऊस आणि आतला पाऊस यांतला कोणता कोणता हे कळेनासे झाले. अकस्मात डफली थांबली. 22 ताटल्या जागच्या जागी मुक्या झाल्या. आणि त्या शांततेत, मुदत उलटून गेल्यावर आवक-बारनिशीत पडावा तसा, माझा एक ठोका पडला.

नातवाने माझ्याकडे वळून पाहिले आणि तोंडावर बोट ठेवले. दुसरा हात मात्र त्याचा मोकळाच होता. तो ताटलीवर, पुढच्या ठोक्यासाठी उचललेला होता.